काटा वाचावा, मग गुलाब लावावा

भाचीबाई, घर घेतलंत, वास्तुशांत झाली, आणि आता मागच्या अंगणात "इथलाच एखादा रानगुलाब लावू" असं तुझ्या मनात आलंय. बेत मला आवडला. न्यू जर्सीत आलेली आपली माणसं कढीपत्ता आणि मोगरा कुंडीत लावतात, आणि वर्षातले सहा महिने ती कुंडी घरात घेण्यात नाहीतर बाहेर काढण्यात जातात. इथल्याच मातीतलं, थंडीला न भिणारं काही लावावं हे फार थोड्यांना सुचतं.

तू म्हणतेस ती रोझा कॅरोलिना. लोक तिला पाश्चर रोझ म्हणतात. लिनियसने १७५३ साली तिचं नाव नोंदवलं, पण त्याच्याही कितीतरी आधीपासून ती नोव्हा स्कोशियापासून फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत माळांवर, रानाच्या कडेला, रस्त्यालगत उगवतेच आहे. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत, पाच गुलाबी पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर. दिसायला गरीब, वागायला हट्टी. हे सगळं जावईबापूंनाही वाचून दाखव, कारण गवत कापायचं यंत्र त्यांच्या हातात असतं.

आधी ओळख पटव

१. फुलावरून जात ठरवू नकोस, पानाच्या देठाचं बूड बघ — तिथे देठाला चिकटलेली दोन पातळ उपपर्णं असतात, आणि गुलाबाचं गोत्र तिथे कळतं.

२. उपपर्णांच्या कडेला केसांची बारीक झालर दिसली तर ती तुझी नव्हे — ती रोझा मल्टिफ्लोरा, आशियातून आणलेली, आणि जर्सीच्या निम्म्या कुंपणांत घुसून बसलेली. कॅरोलिनाची उपपर्णं अरुंद असतात, आणि त्यांना तशी झालर नसते.

३. मग काटे बघ. कॅरोलिनाचे काटे बारीक, सुईसारखे सरळ असतात. पानाच्या बुडाशी जोडीने, आणि मधल्या खोडावरही विखुरलेले. हातमोजे घालूनच बघ — काटा वाचता आला की गुलाब कळला, पण बोटाने वाचायचा नसतो.

४. काटे जाड आणि वाकडे, पानांचे दात अगदी बारीक, आणि पायाखाली चिखल असेल तर ती रोझा पॅलुस्ट्रिस, म्हणजे दलदलीतली बहीण. ती चांगली डोक्याएवढी वाढते — कोरड्या अंगणात आणलीस तर रुसेल.

५. पानं चकचकीत, उपपर्णं रुंद, झाड छातीपर्यंत, तर ती रोझा व्हर्जिनियाना. कॅरोलिनाशी हिची गल्लत जाणकारही करतात — या बहिणींचा आपसांत संकरही होतो, त्यामुळे रानात दोघींच्या मधलीच एखादी भेटली तर स्वतःला दोष देऊ नकोस.

६. पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, मोजायची सवय लाव, पण एकाच पानावर थांबू नकोस. कॅरोलिनाला बहुधा पाच किंवा सात, मल्टिफ्लोराला सात किंवा नऊ — दोघींना सात चालतात, म्हणून नुसत्या मोजणीवर निकाल लावायचा नाही.

७. फुलं कशी येतात ते बघ. एकटं-दुकटं, दोन इंचांच्या आसपास, गुलाबी फूल म्हणजे आपली. पांढऱ्या, इंचभराच्या फुलांचे गच्च घोस म्हणजे मल्टिफ्लोरा — घोळक्याने येणाऱ्यांना घरात घेण्याआधी दोनदा विचार करावा.

८. समुद्रावर गेलात की वाळूत सुरकुतलेल्या पानांचा, मोठ्या लाल फळांचा, नखशिखांत काटेरी गुलाब दिसेल. "इथे आपोआप उगवलंय म्हणजे इथलंच असणार" असं जावईबापू म्हणतील. तो रोझा रुगोझा, पूर्व आशियातला — उगवलं म्हणून आपलं होत नाही, राहिलं म्हणून परकं राहत नाही, हा वाद गुलाबांनाही लागू आहे बरं.

९. हिवाळ्यातही एक फेरी मार. पानं नसताना फळं दिसतात: कॅरोलिनाची साधारण अर्ध्या इंचाची, लाल, गोलसर, मल्टिफ्लोराची जेमतेम पाव इंचाची आणि झुपक्यात — जूनमध्ये चुकलेली ओळख जानेवारीत दुरुस्त करता येते.

१०. फोटो काढायचा तर चार काढ: फूल, अख्खं पान, उपपर्ण, काटा — नुसत्या फुलाचा फोटो पाठवून "आत्या, ही कोणती?" विचारलंस तर मी उत्तर देणार नाही.

या मल्टिफ्लोराबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिच्यावर नुसता राग काढणं मला पटत नाही. १८६६ साली तिला जपानहून इथे आणलं ते कलमांसाठी खुंट म्हणून. आपल्याकडेही नर्सरीवाले ज्या खुंटांवर डोळा भरतात त्यांत हीच जात असते, आणि तिथे ती निमूट काम करते. इथे मात्र १९३० नंतर सरकारी मृदसंधारण खात्यानेच शेतकऱ्यांना ती लावायला सांगितली: माती धरून ठेवील, गुरांना जिवंत कुंपण होईल, पाखरांना आसरा मिळेल. तिने तिन्ही कामं केली आणि मग थांबलीच नाही. पाखरांनी बिया दूरवर टाकल्या, कुरणं गेली, रानाच्या कडा गेल्या. आता अनेक राज्यांत ती उपद्रवी तण म्हणून कायद्याच्या यादीत आहे. आमंत्रण देणारा विसरतो, पाहुणा विसरत नाही.

११. तुमच्या कुंपणात ती असेलच. कापून टाकून भागत नाही, मूळ खणून काढ, आणि पुढची काही वर्षं नवे कोंब दिसतील तसे काढत राहा — तिच्या बिया मातीत वर्षानुवर्षं वाट बघतात.

१२. ती काढताना चामड्याचे लांब हातमोजे घाल, आणि आत हात घालण्याआधी तीन-तीन पानांचा वेल गुंतलेला नाही ना ते बघ — पॉयझन आयव्हीला तसली आडोशाची जागा फार आवडते, आणि तिची खाज काट्यापेक्षा जास्त दिवस टिकते.

१३. अंगणातून आलीस की गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड बघ; मुलांचंही बघ, जावईबापूंचंही. गुलाब फुलायचे दिवस आणि गोचिडीच्या पिल्लांचे दिवस एकच, आणि त्यांच्यामुळे होणारा लाइम रोग या भागात घरोघरी माहीत आहे — दोन मिनिटांची तपासणी महिनाभराच्या औषधांपेक्षा स्वस्त.

रोप आणताना

१४. रानातून किंवा पार्कातून खणून आणायचं नाही, एकच असलं तरी नाही. बहुतेक सार्वजनिक जागी ते बेकायदा आहे — आणि उन्हाळ्यात उपटलेलं रानरोप बहुधा गाडीतच मान टाकतं.

१५. देशी झाडांच्या नर्सरीत जा आणि पाटीवर रोझा कॅरोलिना हे पूर्ण नाव वाच. "वाइल्ड रोझ" एवढ्यावर पैसे देऊ नकोस — पाटी अर्धी, तर रोपही अर्धंच ओळखीचं.

१६. एक सांगते ते लक्षात ठेव: या देशात "आमचा गुलाब" म्हणणाऱ्यांची ओळखही पक्की असतेच असं नाही. जॉर्जियाने १९१६ साली राज्यफूल म्हणून चेरोकी रोझ निवडला, तो मूळचा चीनचा. आयोवाने १८९७ मध्ये रानगुलाब निवडला, ते मात्र बरोबर. आणि १९८६ साली अख्ख्या देशाने गुलाबाला राष्ट्रीय फूल केलं, पण कुठला गुलाब ते कायद्यात लिहिलंच नाही — तेव्हा तू पाटी वाचायला पाच मिनिटं जास्त घेतलीस तर कुणी हसायचं कारण नाही.

१७. रोप स्वतःच्या मुळांवर वाढलेलं आहे का, विचार. कलमी नको — कलमाचा वरचा भाग थंडीत गेला की खालून खुंट फुटतो, आणि कॅरोलिना समजून तू मल्टिफ्लोराला पाणी घालत बसतेस.

१८. कुंडीतलं सगळ्यात मोठं, फुलांनी लगडलेलं रोप उचलू नकोस. बुटकं, पण बुडातून तीन-चार काड्या फुटलेलं घे — वरचा थाट दुकानात राहतो, खालचं बळ घरी येतं.

जागा

१९. दिवसातून निदान सहा तास ऊन हवं. सावलीत झाड मरत नाही, नुसतं पानं काढत राहतं — आणि तू दर जूनला "या वर्षीही नाही" म्हणत राहतेस.

२०. माती फार मनावर घेऊ नकोस. वालुकामय, खडकाळ, थोडी चिकण, सगळं चालतं, फक्त पाणी साचायला नको — माळावर जन्मलेल्याला पाय ओले आवडत नाहीत.

२१. अंगणाचा एखादा कोपरा कायम ओला असेल तर तो भरून काढायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे पॅलुस्ट्रिस लाव. आणि कधी समुद्राजवळ घर घेतलंत तर व्हर्जिनियाना — ती खारा वारा सोसते. जागा बदलण्यापेक्षा बहीण बदलावी.

२२. पायवाटेपासून चार फूट लांब लाव — ही जमिनीखालून मुळं पसरवून फुटवे काढते, आणि पोस्टमनच्या पँटीला काटे आवडत नाहीत.

२३. ड्राइव्हवेच्या कडेला, जिथे बर्फ ढकलून ढीग करता, तिथे नको. बर्फात मिसळलेलं मीठ वितळून मुळाशी उतरतं — मार्चमध्ये काड्या काळ्या पडलेल्या दिसतात आणि लोक थंडीला दोष देतात.

२४. एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर आधी नियम वाच आणि समोरच्या बाजूऐवजी मागे लाव. हिवाळ्यात हिचं रूप म्हणजे लालसर काड्यांचं जाळं — ते तुला सुंदर दिसेल, अध्यक्षांना दिसेलच असं नाही.

२५. खणण्याआधी ८११ ला फोन कर. फुकट येतात, गॅसच्या नि विजेच्या वाहिन्या कुठे आहेत ते रंगाने आखून देतात — फावड्याला जमिनीखालचं दिसत नाही.

लावणी आणि पहिली वर्षं

२६. कुंडीतलं रोप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लाव, मातीविना उघड्या मुळांचं आलं तर मार्च-एप्रिलमध्ये, कोंब सुटण्याआधी. जुलैत नको — आपल्याकडे पाऊस पडला की रोपं लावायची सवय असते, पण इथला जुलै म्हणजे आपला मे.

२७. खड्डा मुळांच्या दुप्पट रुंद, पण तेवढाच खोल. त्यात शेणखत, हाडांचा चुरा, चहाचा चोथा, काही घालू नकोस, निघालेलीच माती परत घाल — खड्ड्यात श्रीखंड मिळालं तर मुळं बाहेर कशाला येतील?

२८. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोज शिंतोडे नाहीत. पुढच्या वर्षापासून दुष्काळ पडला तरच — वरवर पाणी घातलं की मुळं वरवरच राहतात.

२९. बुडाशी पाल्याचा दोन-तीन इंचांचा थर दे, पण काड्यांना टेकवू नकोस — पाल्याच्या उबेला शेतउंदीर येतात आणि हिवाळाभर साल कुरतडतात.

३०. खत? नको. दुसऱ्या वर्षीही नको — जास्त खाल्लेली फांदी लांब होते, लोळते, आणि माव्याला बोलावते.

३१. पहिली दोन-तीन वर्षं भोवती चार फुटी तारेची जाळी लाव. काट्यांमुळे हरीण खात नाही हा गैरसमज आहे. कोवळा शेंडा ते काट्यांसकट खातं. खालच्या हातभर उंचीला बारीक जाळी असू दे, सशांसाठी — हरणाची भूक आणि सासऱ्यांचा सल्ला न विचारता येतात.

३२. पहिल्या जूनला फूल नाही आलं तर मला फोन करू नकोस. दुसऱ्या जूनला कर — पहिलं वर्ष मुळांचं, दुसरं काड्यांचं, तिसरं पाहुण्यांचं.

कात्री कुठे, कात्री कधी

३३. इथे मात्र जावईबापूंना समोर बसव. ही फुलते ती बहुतेक गेल्या वर्षीच्या काडीवर, म्हणून मार्चमध्ये हौसेने सगळं छाटलं तर जूनमध्ये नुसती पानं — शेंडे उडवले ते जूनचेच उडवले.

३४. हिवाळा सरताना फक्त मेलेल्या आणि सगळ्यात जुन्या, करड्या, खरबरीत काड्या जमिनीलगत काप, बाकीच्यांना हात लावू नकोस — मेलेल्या फांदीला कात्री, जित्या फांदीला वेळ.

३५. गोल गोळा, चौकोनी ठोकळा असलं काही नको. हे झुडूप स्वतःचा आकार स्वतः ठरवतं — आणि विजेच्या कात्रीने ठोकळा केला की आतल्या फांद्या उन्हाविना वाळतात.

३६. हद्द मात्र तू आखायची. दर वसंतात झुडपाभोवती टोकदार फावडं सरळ खाली मारत एक फेरी घे — मुळाची धाव तिथेच तुटते. बाहेर उगवलेला फुटवा आता वेगळं रोप झालेला असतो, तो उचलून दुसरीकडे लाव.

३७. वाळलेली फुलं खुडू नकोस. दुकानी गुलाबांची ती सवय इथे चालत नाही — ही वर्षातून एकदाच, तीन-चार आठवडे फुलते. खुडलंस तर दुसरा बहर येत नाही, फळं तेवढी जातात.

कोण कोण येईल

३८. सकाळी लवकर फुलांपाशी जा, भुंगमाशी फुलाला कवटाळून मोठ्याने गुणगुणताना ऐकू येईल. मध मिळावा म्हणून नव्हे. या फुलात पराग हाच खुराक, आणि तो अंग थरथरवून झाडून घ्यायची तिची रीत आहे — म्हणून बहरात कसलीही फवारणी नको, "सेंद्रिय" लिहिलेलीही नको.

३९. पानांच्या कडेला नीट गोल तुकडे कापलेले दिसले तर औषध शोधू नकोस. ती पानकापी माशी, घरट्याला अस्तर नेते — झाडाचं काही बिघडत नाही, तुझंच मन दुखतं.

४०. काडीवर केसाळ किंवा काटेरी गाठ दिसली तर तीही बहुधा निरुपद्रवी, एका इवल्याशा गांधीलमाशीची बाळंतिणीची खोली. खूप झाल्या तरच काप — दोन-चार गाठींनी झाड थकत नाही.

४१. जून संपता संपता हिरवे-तांबूस जपानी भुंगेरे येतील. १९१६ साली ते या देशात पहिल्यांदा सापडले ते आपल्या जर्सीतच, रिव्हरटनच्या एका नर्सरीत; म्हणजे त्यांचं हे माहेरच. भल्या सकाळी, ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाक. वासाचे सापळे मात्र लावू नकोस — सापळा शेजारच्या गल्लीतले भुंगेरेही बोलावून आणतो, आणि सगळे काही सापळ्यात पडत नाहीत.

४२. उन्हाळा उतरताना पानांवर काळे ठिपके पडून काही गळतील. गळू दे, गोळा करून कचऱ्यात टाक — ऑक्टोबरमध्ये उरलेली पानं नारिंगी-लाल होतात, तेव्हा तू ठिपके विसरलेली असतेस.

४३. एका गोष्टीला मात्र घाबर, आणि वेळेवर घाबर. फांदीच्या टोकाला केरसुणीसारखा लाल, वेडावाकडा झुपका आणि त्यावर मऊ काट्यांची दाटी दिसली, तर तो रोझ रोझेट. त्याचा विषाणू २०११ मध्ये ओळखला गेला. डोळ्यांना न दिसणारा एक कोळी तो वाऱ्यावर पसरवतो. उपाय नाही. झाड मुळासकट काढून पिशवीत बांधून टाकायचं — फांदी छाटून "बघू या" म्हणणाऱ्याचे शेजारचे गुलाबही जातात.

४४. नुसता कोवळा कोंब लालसर दिसला म्हणून मात्र फावडं घेऊन धावू नकोस. गुलाबाची नवी पालवी पुष्कळदा लालच असते — झुपका, वेडेपणा आणि काट्यांची दाटी, तिन्ही एकत्र दिसली तरच. आणि या रोगाचं सगळ्यात मोठं आजोळ मल्टिफ्लोरा, तेव्हा अकरावा मुद्दा पुन्हा वाच.

फूल, फळ, बी

४५. गुलकंदाचा मोह होणार, मला माहीत आहे. देशी गुलाबाच्या भरगच्च फुलांवर पोसलेला आपला डोळा. इथे फुलाला पाकळ्या पाच. तरी करायचाच तर दुपार उलटल्यावर, माशा येऊन गेल्यावर, फक्त पाकळ्या ओढून घे आणि मधला भाग फांदीवर राहू दे — तुला चमचाभर गुलकंद, झाडाला फळ.

४६. गणपतीत हिचं फूल मिळणार नाही, तोवर फळं रंगायला लागलेली असतात. आरासीला दोन-तीन डहाळ्या घे, सगळ्या नको — बाकीच्यांवर हिवाळ्यात रॉबिन आणि मॉकिंगबर्ड येतात, त्यांना नंतर दुसरं फारसं काही नसतं.

४७. फळ खाता येतं, आंबटगोड असतं. पण बियांभोवतीचे बारीक केस आधी नीट खरवडून, धुऊन काढ, आणि मुलांच्या हातात अख्खं फळ देऊ नकोस — ते केस घशात नि पोटात खाजतात, आणि रात्री जागावं तुला लागतं.

४८. बी पेरायचंच असेल तर ऑक्टोबरात पिकलेल्या फळातलं काढून धू, ओल्या वाळूत मिसळ आणि पिशवीत घालून फ्रीजमध्ये तीन-चार महिने ठेव. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिही — तुझ्या सासूबाई आल्या तर मसाल्याची समजून डब्यात भरतील.

४९. एवढं करूनही पहिल्या वसंतात उगवलं नाही तर कुंडी उलटू नकोस. पुष्कळ बिया दुसऱ्या वसंतात उगवतात — वरून जाळी मात्र टाक, चिपमंकला वाट बघता येत नाही.

५०. बियांचं रोप आईसारखंच होईल असं धरून चालू नकोस, शेजारच्या व्हर्जिनियानाचा पराग आलेला असू शकतो. जशीच्या तशी हवी तर फुटवाच घे: पान गळल्यावर किंवा पालवी फुटण्याआधी, वीतभर मुळासकट — फुटवा म्हणजे तीच, बी म्हणजे तिचं मूल.

५१. फुटवे वाटायला लागशील, कारण जास्त होणारच. शेजारच्या देशपांड्यांना दिलास तर कुंडीत पट्टी खोचून पूर्ण नाव, कुठून आणलं ती नर्सरी आणि साल लिहून दे. पेन्सिलने लिही — मार्करची शाई एक-दोन उन्हाळ्यांत उडते, आणि मग ते फोटो मला पाठवतात, तोही नुसता फुलाचा.